वडिलांसाठी चिमुकले पहूर स्टेशन

पाचोरा-जामनेर ही ५६ किलोमीटर धावणारी छोटी गाडी २०२० साली थांबली. ज्या वडिलांनी पहूर स्टेशनात तिची वाट पाहिली, त्यांना तिचा देखावा करून द्या. दिवाळीचा किल्ला करणाऱ्या मुलांना हे अवघड नाही. प्रमाण तेवढे सांभाळायचे. खऱ्या रुळांतले अंतर ७६२ मिलिमीटर. आपण ते २० धरले, की सारेच सुमारे अडतीसपट लहान. मग साडेपाच फुटी माणूस साडेचार सेंटिमीटरचाच हवा, बरं का! गुरुजींनी हे गणित वर्गातच घ्यावे. डबे पुठ्ठ्याचे, रूळ तारेचे, स्लीपर पऱ्हाटीच्या काड्यांचे. डब्यांचा रंग, झाडाची जागा मात्र वडिलांनाच विचारा, आणि आजच विचारा. पुस्तकात ते सापडायचे नाही.