आधी भरोसा कुणी टाकायचा?

तेल्हाऱ्याहून वरवट बकालमार्गे शेगावला गेलं, की गजानन महाराजांच्या मंदिरात शिरण्याआधी पहिली गाठ पडते ती चपला सांभाळणाऱ्या सेवाधाऱ्याशी. पांढरे कपडे, डोक्यावर पांढरी टोपी आणि तोंडात ‘माउली’. चप्पल चिखलाने भरलेली असो की नवी कोरी, तो ती हातात घेतो, जागेवर ठेवतो, पैसे घेत नाही. हा माणूस गावाकडे दहा एकरांचा कास्तकार असेल, निवृत्त मास्तर असेल किंवा दुकानदार. त्याला पगार नाही. ठरलेले दिवस सेवा करायची, घरी परतायचं आणि पुन्हा आपली पाळी येण्याची वाट बघायची, असा त्याचा नेम. आसपासच्या तालुक्यांतली गावोगावची माणसं या पाळीसाठी नाव नोंदवून थांबलेली असतात.

आपल्या कचेऱ्यांमध्ये हजेरीपुस्तक आहे, कारणे दाखवा नोटीस आहे, बायोमेट्रिक यंत्र आहे, वेतनवाढ रोखण्याची तरतूद आहे. एवढं असूनही दुपारी दोननंतर टेबलावर माणूस सापडेल याची खात्री नसते. मग शेगावात हे कसं जमतं? ‘श्रद्धा’ असं उत्तर चटकन दिलं जातं आणि ते खरंही आहे, पण अर्धंच. श्रद्धा प्रत्येक देवस्थानात असते. अशी शिस्त आणि अशी स्वच्छता मात्र मोजक्याच ठिकाणी दिसते. उरलेलं अर्धं उत्तर त्या कामाच्या बांधणीत आहे, आणि ती बांधणी प्रामुख्याने ज्यांच्या हातून झाली ते शिवशंकरभाऊ पाटील आपल्याच मातीतले होते.

गजानन महाराज हयात असतानाच, 1908 साली, संस्थानची स्थापना झाली. शिवशंकरभाऊंचा जन्म 1940 चा. तरुण वयातच ते संस्थानच्या कामात आले आणि 4 ऑगस्ट 2021 रोजी निधन होईपर्यंत त्याच कामात राहिले. 1968 साली सुरू झालेली पंढरपूरची पायी पालखी, 1983 चं अभियांत्रिकी महाविद्यालय, दवाखाने, आनंदसागर उद्यान, भक्तनिवास हा सगळा पसारा त्यांच्या काळात वाढला. अमाप पैसा ज्यांच्या देखरेखीखाली फिरला, ते भाऊ संस्थानचं पाणीसुद्धा पीत नसत, हे वऱ्हाडात घरोघरी सांगितलं जातं. याला कुणी साधुत्व म्हणेल. मला त्यात कामकाजाची अतिशय पक्की समज दिसते. वरचा माणूस चहा घेत नाही म्हटल्यावर भांडारातली एक जुडी कोथिंबीर घरी न्यायलाही खालच्या माणसाचा हात धजत नाही. त्यासाठी वेगळा पहारेकरी नेमावा लागत नाही.

कामाच्या ठिकाणचा विश्वास म्हणजे नेमकं काय, याची अभ्यासकांनी बरीच चर्चा केली आहे. रॉजर मेयर, जेम्स डेव्हिस आणि डेव्हिड शूरमन या तिघा अमेरिकन अभ्यासकांनी 1995 साली केलेली मांडणी आजही प्रमाण धरली जाते. त्यांच्या मते विश्वास ठेवणं म्हणजे समोरच्यावर नजर ठेवता येवो न येवो, त्याच्या हातून आपलं नुकसान होऊ शकतं हे माहीत असूनही आपली बाजू त्याच्या हाती सोपवायला तयार होणं. ही तयारी होण्याआधी माणूस मनाशी तीन गोष्टी चाचपतो. याला काम येतं का? हा माझं भलं बघतो का? हा बोलतो तसा वागतो का? क्षमता, आपुलकी आणि सचोटी. जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक नव्या मुख्याध्यापकाला, एसटी आगारातला चालक नव्या आगार व्यवस्थापकाला आणि आशाताई नव्या वैद्यकीय अधिकाऱ्याला पहिल्या महिन्यात याच तीन मापांनी मोजून मोकळे होतात.

या मांडणीतून एक गोष्ट आपोआप निघते, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे. हाताखालच्या माणसाची बाजू साहेबाच्या हाती आधीच गेलेली असते. त्याची रजा, त्याचा गोपनीय अहवाल, त्याची ड्यूटी, खासगी नोकरी असेल तर उद्याचा रोजगार, सगळं साहेबाच्या सहीवर. त्याला ही जोखीम घेतोस का, असं कुणी विचारलेलंच नसतं. साहेबाची बाजू मात्र अजून झाकलेली. अशा वेळी ‘तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवा, मग मी तुमच्यावर ठेवतो’ हे म्हणणं उलटं आहे. ज्याच्या हातात जास्त, त्यानेच आधी काहीतरी सोडलं पाहिजे. किल्ली, सही, माहिती किंवा ‘हे मला माहीत नाही, तुम्ही सांगा’ हे वाक्य. बाहेरच्या तालुक्यातून आलेला कृषी अधिकारी खारपाण पट्ट्यातल्या गावात जाऊन वीस वर्षं तिथे काम केलेल्या सहायकाला हे वाक्य सर्वांदेखत म्हणाला, तर त्याचं काही कमी होत नाही. खारं पाणी जमिनीचं काय करतं, कोणत्या शिवारात काय तगतं, हे त्या सहायकाने पायाखाली घातलेलं असतं. ज्याला विचारलं जातं, तो पुढच्या वेळी न विचारता सांगायला येतो.

असं न विचारता सांगणं किती मोलाचं असतं, यासाठी आपल्याकडच्या जिनिंगचं उदाहरण घेऊ. दिवाळीच्या सुमारास हंगाम लागतो आणि आवारात कापसाचे पांढरे डोंगर उभे राहतात. कापूस यंत्रात जातो, सरकी एकीकडे पडते, रुई दुसरीकडे आणि पुढे सुमारे 170 किलोच्या गाठी बांधल्या जातात. या सगळ्या कामावर आगीची धास्ती असते. कापसात एखादा खिळा, खडा, वखराच्या पासेचा तुकडा आला आणि यंत्रात आदळला, की ठिणगी उडते. कापसाची आग अनेकदा लगेच भडकत नाही, ती आत शिरते आणि धुमसते. बांधलेल्या गाठीच्या पोटातसुद्धा ती धुमसत राहू शकते. म्हणून पहिली दोन-चार मिनिटं फार मोलाची.

आता समजा, कापूस लोटणाऱ्या पोराच्या हातून काहीतरी लोखंडी आत गेलं. खडखडाट त्याने ऐकला. त्या क्षणी तो काय करेल, हे जिनिंगच्या मालकाने गेल्या वर्षी काय केलं होतं यावर अवलंबून आहे. मागे एकाने चूक कबूल केली आणि चारचौघांत आईबहिणीवरून शिव्या खाल्ल्या, आठवड्याचा रोज बुडवून घेतला, हे त्याने पाहिलं असेल, तर तो मान खाली घालून लोटत राहणार. विचारलं तर, ‘मले काय मालूम? मी तं होतोच नाई तिथी.’ पण मागच्या वेळी कबूल करणाऱ्याच्या पाठीवर मालकाने थाप मारली असेल, आधी यंत्र बंद करून मग बाकीचं बोलला असेल, तर हाच पोरगा जिवाच्या आकांताने ओरडेल. आग विझवण्याची यंत्रणा दोन्हीकडे सारखीच. फरक आहे तो कबूल करणाऱ्याचं आपल्याकडे काय होतं, याच्या आठवणीत.

हीच गोष्ट एमी एडमंडसन यांना रुग्णालयांत सापडली. हार्वर्डमध्ये संशोधन करताना त्या रुग्णांना औषध देण्यातल्या चुका तपासत होत्या. ज्या विभागात एकमेकांशी चांगलं जमतं तिथे चुका कमी असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले. चांगल्या विभागांमध्ये चुकांची नोंद जास्त. खोलात गेल्यावर उलगडा झाला, की तिथल्या परिचारिका चूक झाली की सांगत होत्या आणि धाकातल्या विभागांत ती लपवली जात होती. 1999 साली एका कारखान्यातल्या 51 गटांचा अभ्यास करून त्यांनी ही गोष्ट पक्की केली. पुढे गूगलने आपल्या 180 गटांची पाहणी केली, तेव्हाही कोणत्या गटात किती हुशार माणसं आहेत यापेक्षा तिथे न घाबरता बोलता येतं का, हेच जास्त मोलाचं ठरलं. तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात घ्यावं असं मला मनापासून वाटतं. आढावा बैठकीत सगळ्यांचं काम शंभर टक्के झालेलं दिसतं, एकही अडचण कुणी मांडत नाही, तेव्हा बैठक घेणाऱ्या अधिकाऱ्याने खूश होऊ नये. आपल्यापर्यंत खरं पोहोचत नाही, हे त्याने ओळखावं.

विश्वास म्हणजे तपासणी सोडून देणं, असा एक गैरसमज सगळीकडे आहे आणि तो फार घातक आहे. ‘आपला माणूस आहे, त्याचा हिशेब काय बघायचा’ म्हणून कितीतरी पतसंस्था, सोसायट्या आणि मंडळं बुडाली. ज्या संस्था टिकल्या, तिथे हिशेब उघड्यावर होत आला आहे. याचा उत्तम धडा बायांच्या बचत गटांनी घालून दिला. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि अद्ययावत लेखे ही त्यांची पंचसूत्री. सगळ्या जणी सतरंजीवर गोल बसतात, पैसे सगळ्यांसमोर मोजले जातात, नोंद तिथल्या तिथे होते आणि जिला वाचता येत नाही तिच्यासाठी आकडा मोठ्याने वाचला जातो. अध्यक्षेचीही बचत त्याच वहीत, तिलाही उशिराचा दंड तोच. 1992 साली नाबार्डने गटांना बँकेशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून बँका या वहीकडे बघून, काहीही गहाण न घेता गटांना कर्ज देत आल्या आहेत. सातबारा नावावर नसलेल्या बाईची पत या वहीने तयार केली. मोठमोठ्या कार्यालयांना जमलेलं नाही ते या सतरंजीवर जमलं आहे, कारण तिथे अध्यक्षेला तपासणं हा अध्यक्षेचा अपमान मानला जात नाही.

गाडगेबाबांचं सगळं कार्यही याच पायावर उभं होतं. अंजनगाव सुर्जीजवळच्या शेणगावचा जन्म, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला गेलेलं बालपण. गावात आले की आधी स्वतः खराटा हातात घ्यायचे, मग कीर्तन. रस्ता झाडणाऱ्याने स्वच्छतेवर बोललेलं लोक ऐकून घेतात. लोकांच्या पैशातून त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतःचं घर त्यात पाहिलं नाही. 1949 साली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली आणि 1952 साली बाकीच्या संस्थांसाठी मिशन स्थापन झालं. घरच्यांचा या मालमत्तेवर हक्क नाही, हेही त्यांनी स्पष्ट करून ठेवलं. अक्षरओळख नसलेल्या माणसाच्या शब्दावर व्यापारी पैसे मोजत, याचं नवल वाटायला नको. पैसा कुठे जातो हे दिसत होतं आणि तो बाबांच्या घरी जात नाही हेही दिसत होतं.

शेगावची किंवा गाडगेबाबांची गोष्ट जशीच्या तशी कार्यालयात आणता येणार नाही, हे मान्य केलं पाहिजे. सेवाधारी स्वेच्छेने येतो. पंचायत समितीचा कर्मचारी किंवा कृषी केंद्रातला पोरगा घर चालवायला येतो. त्याच्याकडून बिनपगारी निष्ठेची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे, आणि ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ म्हणत जादा तास राबवून घेणाऱ्या मालकांनी शेगावचं नावही घेऊ नये. पगार वेळेवर, ओव्हरटाइमचा पैसा हिशेबाने, रजा हक्काची. याआधी विश्वासाच्या गप्पा सुरूच होऊ शकत नाहीत. शेगावातून उचलण्याजोगं आहे ते एवढंच, की काम कितीही लहान असलं तरी ते ठरवून दिलेलं असतं, करणाऱ्याला मान असतो आणि नियमातून कुणी सुटत नाही.

विश्वास मोडतो मात्र फार लवकर. पॉल स्लोविक या मानसशास्त्रज्ञाने 1993 साली दाखवून दिलं, की विश्वास वाढवणाऱ्या बातमीपेक्षा तो मोडणारी बातमी माणसाच्या मनात कितीतरी खोल रुतते. कर्मचाऱ्याने रात्र जागून तयार केलेला अहवाल साहेबाने जिल्ह्याच्या बैठकीत स्वतःच्या नावावर वाचला, किंवा पुढाऱ्याचा फोन येताच कालचा निर्णय फिरवला आणि खापर लिपिकावर फोडलं, की पुढची दोन वर्षं त्या कार्यालयात फक्त फाइली फिरतात. एकाला मिळालेली अशी वागणूक सगळे लक्षात ठेवतात.

आणि दोन वर्षं हा काही थोडा काळ नाही. महाराष्ट्राच्या 2005 च्या बदल्यांच्या कायद्यानुसार अधिकाऱ्याचा एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा. तेल्हाऱ्यासारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यात तेवढाही अनेकदा पूर्ण होत नाही. पहिलं वर्ष ओळखीत, शेवटचं बदलीच्या खटपटीत, अशी वाटणी झाली तर हाती उरतं एकच. म्हणून नव्याने रुजू झालेल्याने पहिल्या पंधरवड्यातच काही गोष्टी कराव्यात. सर्वात खालच्या माणसाकडे स्वतः जाऊन बसावं, शिपायाकडे, चालकाकडे, आशाताईकडे, आणि कामात काय अडतं ते लिहून घ्यावं. त्यातली एक अडचण, लहान का होईना, त्याच महिन्यात सोडवावी. अडकलेलं प्रवास भत्त्याचं बिल काढावं, बायकांसाठी स्वच्छतागृहाची कडी बसवून घ्यावी, पावसाळ्याआधी गळकं छत नीट करावं. जे सुटणार नाही ते सुटणार नाही असं तोंडावर सांगावं, कारण ‘बघू’ या उत्तराचा अर्थ कर्मचाऱ्यांना पाठ असतो. आणि पहिली चूक घेऊन जो माणूस आपणहून केबिनमध्ये येईल, त्याला आधी बसायला खुर्ची द्यावी. तो बाहेर पडेल तेव्हा दाराबाहेरचे सगळे त्याच्या चेहऱ्याकडे बघत असतील.