इंचाला एक फूट

घरात चाकाची खुर्ची आली की दुसऱ्याच दिवशी लक्षात येते, आपले घर फक्त पायांचा विचार करून बांधलेले आहे. आमचे घर कोकणातले, चिऱ्याचे. पावसाचे पाणी आत शिरू नये म्हणून आजोबांनी जोते चांगले दोन फूट उंच घेतले. त्या चार पायऱ्या मी जन्मभर चढलो-उतरलो, पण मोजल्या २०१९ साली. त्या वर्षी मधुमेहामुळे अब्बांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

सुरुवातीला शेजारची पोरे यायची आणि अब्बांना खुर्चीसकट उचलून अंगणात ठेवायची. अब्बांना ते सोसत नसे. एक दिवस म्हणाले, "चौघांनी उचलायचं ते एकदाच. रोज सराव कशाला?" मी हसलो खरा, पण त्याच संध्याकाळी गवंड्याला बोलावले.

चूक माझीच. मी त्याला एवढेच म्हणालो, "पायऱ्यांवर उतार करून दे." त्याने मोटारसायकल चढवायला करतात तसा आठ फुटांचा उतार केला आणि वर कोबा घोटून आरशासारखा गुळगुळीत केला. पहिल्याच दिवशी मी मागून ढकलत असताना खुर्चीची पुढची चाके उचलली गेली आणि अब्बा माझ्या अंगावर कलंडले. लागले कुणालाच नाही. पण त्यानंतर दीड महिना ते पडवीखाली उतरले नाहीत.

मग मी चौकशीला लागलो. सार्वजनिक इमारतींसाठी आपल्याकडे उताराचे प्रमाण ठरलेले आहे : १:१२. म्हणजे एक इंच चढायला एक फूट लांबी. खासगी घरात येऊन हे कुणी तपासत नाही. पण ढकलणाऱ्याच्या कमरेला घर खासगी की सार्वजनिक हे कळत नाही. माणूस आणि खुर्ची मिळून ८५ किलो धरा. १:१२ च्या उतारावर ढकलायला सुमारे सात किलोंचा जोर लागतो. आमच्या उतारावर, १:४ वर, तो वीस किलोंच्या पुढे जातो आणि उतरताना तेवढाच जोर लावून खुर्ची मागे ओढून धरावी लागते. त्यात एक पाय नसला की बसणाऱ्याचा भार मागे सरकतो आणि खुर्ची सहज मागे कलंडते. अशा माणसासाठी मागचा आस मागे सरकवलेली खुर्ची मिळते, किंवा साध्या खुर्चीला मागे दोन छोटी टेकूची चाके बसवतात. खुर्ची घेताना हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते.

चोवीस इंचांना चोवीस फूट, आणि अंगण फाटकापर्यंत सतराच फूट! दुकानात अॅल्युमिनियमचे घडीचे उतार मिळतात. एक-दोन पायऱ्या असतील, घर भाड्याचे असेल, तर ते उत्तम. आमच्या चार पायऱ्यांना ते पुरणारे नव्हते. ते घेताना मात्र किती वजन पेलते ते विचारा, आणि त्यात माणूस, खुर्ची आणि ढकलणारा असे तिघांचे वजन धरा. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंड गंजते, फळ्या पावसात फुगतात आणि शेवाळतात. शेवटी सिमेंटच बरे, असे ठरले.

सरळ जागा नसली तर उतार वळवता येतो. पडवीच्या आखूड बाजूचा कठडा काढला. तिथून चौदा फूट, मग पाच बाय पाचचा सपाट चौथरा, तिथे काटकोनात वळून फाटकाच्या दिशेने दहा फूट. चौथरा माडापासून लांब घेतला. खुर्ची सावरली आणि नारळ डोक्यात पडला, असे नको. रुंदी चार फूट, कडेला तीन इंचांची कड, म्हणजे चाक बाहेर जात नाही. दोन्ही बाजूंना दोन उंचींवर धरायला पाइप. ओल्या सिमेंटवर खराट्याने आडव्या रेघा ओढल्या. गवंड्याला ते फार लागले, त्याच्या हाताची सफाई दिसेना! पावसाळ्यात दर पंधरवड्याला ब्लीचिंग पावडर टाकून घासावे लागते, नाहीतर शेवाळ त्या रेघाही भरून टाकते. पायथ्याशी पाण्याला वाट ठेवली, पण वरची जाळी बारीक. रुंद फटीत पुढचे छोटे चाक अडकते.

एवढे करून उंबरठा राहिलाच होता. माझ्या कवितांत उंबरठा इतक्यांदा आला आहे, की त्याची उंची दोन इंच आहे हे मोजायचे कधी सुचले नाही. सुताराने दोन्ही बाजूंना लाकडाच्या उतरत्या फळ्या बसवून दिल्या. एकेक फळी दोन फूट लांब, हिशेब तोच. दार मात्र आधीच मोजायला हवे होते. साधी खुर्ची पंचवीस-सव्वीस इंच रुंद असते. आमचे पुढचे दार तीस इंचांचे, म्हणून निभावले. न्हाणीघराचे चोवीस इंचांचे, ते फोडावे लागले.

काम झाल्यावर आठ दिवस उतारावर पाणी मारले. नवव्या दिवशी मी खुर्ची धरायला गेलो, तर अब्बांनी हातानेच थांबवले. चाके फिरवत, चौथऱ्यावर दम घेत, ते एकटे फाटकापर्यंत गेले. कडी काढली आणि समोरून जाणाऱ्या मासळीवालीला हाक मारून बांगड्यांच्या भावावरून हुज्जत घालू लागले.