टाकीतले पाणी

गेल्या पावसाळ्यात आमची जुनी मोटारसायकल घाटाच्या चढावर बंद पडली. किका मारून पाय दुखले, पण इंजिन दाद देईना. शेवटी ढकलत गॅरेजपर्यंत नेली. मेकॅनिकने कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सैल केला आणि निघालेले पेट्रोल काचेच्या बाटलीत धरले. थोड्याच वेळात बाटलीत दोन थर दिसू लागले. "पाणी आहे साहेब. पंपवाल्याने फसवलं तुम्हाला," तो म्हणाला.

आदल्या दिवशीच आम्ही दोन लिटर पेट्रोल घेतले होते. त्यामुळे त्याचे म्हणणे लगेच पटले. आम्ही पंपावर जाऊन चार शब्द सुनावलेही. पंपवाल्याने वाद घातला नाही. त्याने काचेच्या मोजपात्रात पेट्रोल काढून दाखवले. ते नितळ होते. घनता मोजली, ती त्या दिवशीच्या नोंदीशी जुळली. जमिनीखालच्या टाकीत उतरवायच्या दांड्याला पाणी ओळखणारी पेस्ट लावून तपासले. पेस्टचा रंग बदलला नाही. मग पाणी आले कोठून?

पेट्रोल, पाणी आणि इथेनॉल

एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण ७२० ते ७७५ ग्रॅम असते, तर एक लिटर पाण्याचे सुमारे १००० ग्रॅम. पाणी पेट्रोलमध्ये जवळजवळ विरघळत नाही. म्हणून टाकीत शिरलेले पाणी तळाशी बसते, आणि इंजिनकडे जाणारे इंधनही तळाजवळूनच घेतलेले असते. कार्ब्युरेटरच्या वाटीतही पाणी खाली बसते आणि जेटचे बारीक भोक अडवते. पेट्रोलऐवजी पाणी आत गेले, की इंजिन थांबणारच.

पण आज आपण घेतो ते निव्वळ पेट्रोल नसते. आपल्या देशात इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प २००१ साली मिरज, मनमाड आणि बरेली येथे सुरू झाले. २०२२ मध्ये मिश्रणाचे प्रमाण १० टक्क्यांवर, तर २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचले. इथेनॉलच्या रेणूचे एक टोक पाण्याशी नाते सांगते, दुसरे पेट्रोलशी. त्यामुळे थोडे पाणी असेल तर इथेनॉल त्याला पेट्रोलमध्ये सामावून घेते आणि ते इंजिनातून निघून जाते. याला मर्यादा मात्र आहे. १० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी सामावू शकते. २० टक्के मिश्रण त्याहून थोडे अधिक. ही मर्यादा ओलांडली, की पाणी स्वतः तर वेगळे होतेच, शिवाय इथेनॉललाही आपल्याबरोबर खाली ओढते. म्हणजे तळाचा थर शिरलेल्या पाण्याहून बराच मोठा होतो. तापमान उतरले की ही मर्यादाही उतरते. दुपारी नितळ असलेले पेट्रोल पहाटे गढूळ दिसू शकते ते यामुळेच.

दव की पाऊस?

अर्धी रिकामी टाकी ठेवली की रात्री आत दव साचते आणि पेट्रोल खराब होते, असे नेहमी सांगितले जाते. हिशेब करून पाहू. ३० अंश सेल्सिअसला बाष्पाने संपृक्त अशा एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम पाणी असते. २० अंशाला सुमारे १७ ग्रॅम. टाकीत ८ लिटर जागा रिकामी असेल, तर तापमान १० अंशांनी उतरल्यावर जेमतेम ०.१ ग्रॅम पाणी सुटेल, म्हणजे दोन थेंब! उलट, टाकीत १० टक्के मिश्रणाचे २ लिटर पेट्रोल असेल, तर त्याची मर्यादा ओलांडायला १० मिलिलिटर, म्हणजे दोन चमचे पाणी लागते. तेवढे जमायला शंभर रात्री हव्यात. महिनोन् महिने उभ्या गाडीला दव बाधेल; रोजच्या गाडीला नाही.

म्हणून आम्ही झाकणाकडे वळलो. पुष्कळ मोटारसायकलींच्या टाकीचे झाकण एका खळग्यात बसवलेले असते. खळग्यातले पाणी वाहून जाण्यासाठी बारीक भोक असते आणि त्याला जोडलेली नळी गाडीखाली उघडते. आम्ही खळग्यात थोडे पाणी ओतले. ते जमिनीवर पडायला हवे होते; पडले नाही. भोक चिखलाने बुजले होते आणि झाकणाचे रबर कडक होऊन चिरले होते. उन्हात तापलेल्या टाकीवर पावसाची सर आली, की आतली हवा आणि बाष्प आकुंचन पावतात, दाब कमी होतो आणि झाकणाभोवती साचलेले पाणी चिरांतून आत ओढले जाते. दोष आमच्याच गाडीचा होता. आम्ही दुसऱ्या दिवशी पंपावर जाऊन तसे सांगून आलो.

काय करावे?

पावसाळ्यापूर्वी खळग्यात पाणी ओतून ते खाली येते का, हे पाहावे. न आल्यास भोक मऊ तारेने साफ करावे. रबर चिरले असेल तर बदलावे. गाडी धुताना पाण्याचा जोराचा फवारा झाकणावर मारू नये. पाणी शिरल्याची शंका आली, तर वर नवे पेट्रोल ओतण्याऐवजी टाकी रिकामी करून घ्यावी. पंपाबद्दल शंका असल्यास तेथेच घनता तपासून मागावी; तो ग्राहकाचा हक्क आहे.

शिक्षकांना एक प्रयोग दाखवता येईल. तो उघड्या जागेत, ज्योत आणि ठिणगीपासून दूर आणि स्वतःच करावा. काचेच्या १०० मिलिलिटरच्या मोजपात्रात ५० मिलिलिटर पेट्रोल घ्यावे. त्यात खाद्यरंगाने रंगवलेले १० मिलिलिटर पाणी घालून काचेच्या कांडीने नीट ढवळावे आणि स्थिर होऊ द्यावे. रंग खालच्या थरातच राहतो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असेल, तर तो थर १० मिलिलिटरवर न थांबता २० च्या जवळपास पोचतो. नंतर हे मिश्रण गटारात ओतू नये आणि गाडीत तर मुळीच वापरू नये.

थर वाढलेला पाहून, "सर, पेट्रोलमध्ये आधीच पाणी होते," असे एखादा विद्यार्थी नक्की म्हणेल. त्याला लगेच उत्तर देऊ नये. पाणी आधीच असते, तर ढवळण्यापूर्वी पेट्रोल कसे दिसले असते, एवढेच विचारावे.