अळणी आणि फो

गेल्या वर्षी पुण्यात भाचीने मला एका व्हिएतनामी रेस्टॉरंटमध्ये जेवायला नेले. मंद दिवे, मातकट रंगाच्या ताटल्या आणि मेनूकार्डावर मला उच्चारता न येणारी नावे. वाढप्याने समोर खोलगट वाडगा ठेवला. त्यात तांदळाच्या पांढऱ्या पट्ट्या, कोंबडीचे पातळ काप आणि कांद्याची पात होती. मग त्याने किटलीतून वाफाळते, निवळशंख सूप त्यावर ओतले आणि वास दरवळला. मी म्हटले, “अगं, हा तर आपल्या घरातला वास!” भाची हसली. “मामा, इथेही कोल्हापूरच का?”

तिचा टोमणा रास्त होता, पण माझे नाकही चुकले नव्हते. तो वास चक्रीफुलाचा होता. आमच्याकडे उन्हाळ्यात चटणी कांडून आणतात, तेव्हा ब्याडगी-संकेश्वरी मिरचीबरोबर दालचिनी, लवंग, मसाला वेलची, दगडफूल आणि चक्रीफूलही भाजून घातले जाते. हे चक्रीफूल कोल्हापूरच्या मातीत पिकत नाही. उत्तर व्हिएतनाममधला चीनच्या सीमेवरचा लांग सोन प्रांत त्यासाठी प्रसिद्ध आहे आणि भारत तिथल्या मालाचे मोठे गिऱ्हाईक आहे. म्हणजे व्हिएतनाम पुण्याच्या रेस्टॉरंटमध्ये येण्याच्या कितीतरी आधी आमच्या मसाल्याच्या डब्यात येऊन बसला होता.

त्या वाडग्याला ‘फो’ म्हणतात. मूळ उच्चार ‘फ’च्या जवळचा, शेवटी स्वर प्रश्न विचारल्यासारखा वर जातो. फोचे सारे मर्म त्याच्या सुपात आहे. हाडे आधी उकळून पहिले पाणी फेकून देतात. मग ताज्या पाण्यात ती कित्येक तास मंद आचेवर ठेवतात, वर येणारा फेस सतत काढतात आणि सूप खळखळून उकळू देत नाहीत. उकळले की ते गढूळ होते. कांदा आणि आले थेट विस्तवावर काळे होईपर्यंत भाजून त्यात टाकतात. निखाऱ्यावर कांदा-खोबरे भाजणाऱ्या आमच्या बायकांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

हा पदार्थ फार जुना नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो हनोई आणि नाम दिन्ह परिसरात रूढ झाला. तिथला शेतकरी बैलाकडे औत ओढणारा म्हणून पाहत असे. गोमांस रोजचे खाणे नव्हते. फ्रेंच राज्यकर्त्यांना मात्र ते हवे असे. साहेबांच्या ताटात मांस गेले आणि उरलेली हाडे स्वस्तात मिळू लागली. त्या हाडांचे फेरीवाल्यांनी सोने केले. खांद्यावर कावड, एका बाजूला चूल आणि सुपाचे पातेले, दुसऱ्या बाजूला वाडगे आणि तांदळाच्या पट्ट्या, असा फो गल्लोगल्ली फिरला. १९५४ मध्ये जिनिव्हा करारानंतर देशाची फाळणी झाली, उत्तरेतले लाखो लोक दक्षिणेत गेले आणि फो सायगावात पोहोचला. तिथे त्याच्या सोबतीला पाल्याची ताटली आली. तुळशीच्या जातीची पाने, मोड, लिंबू, मिरची जेवणाऱ्याने आपल्या जिभेप्रमाणे घालायची.

आता आमच्या चुलीकडे वळू. कोल्हापुरी घरात मटण आणले की आधी ते आले-लसूण, हळद, मीठ लावून शिजवतात. त्याचे पाणी म्हणजे अळणी. शब्दकोशात अळणी म्हणजे मिठावाचून. आमच्या अळणीत मीठ असते, नसते ते तिखट. लहान पोरे, आजारी माणसे यांना ती तशीच वाटीभर देतात. उरलेल्या अळणीच्या दोन वाटा होतात. एकीत चटणी आणि भाजलेले वाटण पडते, तो तांबडा रस्सा. दुसरीत नारळाचे दूध, खसखस, तीळ यांचे वाटण जाते, तो पांढरा. नारळाचे दूध घातल्यावर आच वाढवली तर पांढरा रस्सा फुटतो. मटण पाहुण्याच्या ताटात सुके म्हणून जाते आणि घरची दहा माणसे रश्श्यावर भाकरी चुरून जेवतात. हाडातून चव काढून ती पुरवायची, हे शहाणपण हनोईत आणि कोल्हापुरात सारखेच आहे. शेवटचा हात जेवणाऱ्याचा, हेही सारखे. तांबड्याने जीभ भाजली की पांढऱ्याचा घोट घ्यायचा, नाहीतर दोन्ही एकत्र करायचे. प्रमाण ज्याचे त्याने ठरवायचे.

गरिबाच्या चुलीवरचा असा पदार्थ महागड्या टेबलावर गेला की त्याचे काय होते? याचे एक ठळक उदाहरण हो चि मिन्ह शहरात आहे. पीटर कुओंग फ्रँकलिन हा शेफ १९७५ मध्ये लहानपणी व्हिएतनाम सोडून गेला, पुढे बँकेत नोकरी केली, मग स्वयंपाक शिकून परतला. २०१७ मध्ये त्याने तिथल्या जुन्या बाजारातल्या एका अरुंद घरात ‘अनान’ सुरू केले. नावाचा अर्थ ‘खा, खा’. तिथे १०० डॉलरचा फोसुद्धा मिळू लागला. आपल्याकडच्या हिशेबाने एका वाडग्याला कित्येक हजार रुपये! यावर नाके मुरडणारे आहेतच आणि ती मुरडायला जागाही आहे. पण त्याने पदार्थाचे नाव बदलले नाही आणि बाजार सोडला नाही. दारात भाजीवाल्या, आत पांढरे टेबल. जून २०२३ मध्ये मिशेलिनची यादी प्रथमच हनोई आणि हो चि मिन्ह शहरात आली, तेव्हा तारा मिळालेल्या चार रेस्टॉरंटांत अनान होते. त्याच यादीच्या परवडणाऱ्या जेवणाच्या वर्गात फोची साधी दुकानेही होती. वाडगा माडीवर चढला, पण त्याने गल्लीशी नाते तोडले नाही.

आमच्या पदार्थाचे नेमके इथेच बिनसले. देशभरातल्या मेनूकार्डांवर ‘चिकन कोल्हापुरी’, ‘व्हेज कोल्हापुरी’ असते. शेजारी दोन मिरच्यांचे चित्र. म्हणजे नाव गेले, तिखट गेले, पण अळणी गेली नाही आणि पांढराही गेला नाही. जीभ निवविणारा अर्धा भाग मागे राहिला आणि कोल्हापूर म्हणजे नुसता जाळ, अशी समजूत पक्की झाली. चपलेचे याच्या उलट झाले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरी जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशाच चपला मांडल्या, त्या कोल्हापूरचे नाव न घेता. ओरड झाली तेव्हा कंपनीने त्यांचे मूळ मान्य केले. तिथे वस्तू गेली आणि नाव राहिले. इथे नाव गेले आणि वस्तू राहिली. चप्पल असो वा रस्सा, कोल्हापूरचे जे काही आहे ते जोडीने आहे; एकच उचलून चालत नाही.

उद्या कोणी पांढरा रस्सा किटलीतून ओतून हजार रुपयांना विकला, तर माझी तक्रार नाही. त्या वाडग्यामागचे तास, आच सांभाळणारा हात आणि खानावळी चालवून घरे उभी करणाऱ्या बायका यांची ओळख त्या किमतीत असावी, एवढेच मागणे. त्यासाठी पहिले काम आपलेच आहे. घराघरातले प्रमाण, वाटणाचा क्रम, आच कधी कमी करायची याची खूण आजही तोंडी आहे. ज्यांच्या हाताला ते ठाऊक आहे, त्यांच्याजवळ वही घेऊन बसले पाहिजे.

पुण्याहून परतल्यावर मी आईला विचारले, पांढरा झाला हे कसे ओळखायचे? ती म्हणाली, “डाव उचलला की पाठीवर साय धरल्यासारखा दिसतो, तेव्हा खाली उतरव.” माझ्या वहीतले पहिले वाक्य तेच आहे.