बीटी कपाशी आणि शेंदरी बोंडअळी

कपाशीचे सर्वाधिक नुकसान बोंडअळ्यांमुळे होते. त्यातही शेंदरी बोंडअळी फसवी आहे. ती बोंडात शिरून सरकी खाते. बोंड वरून निरोगी दिसते. नुकसान कळते ते वेचणीच्या वेळी, कवडी हातात आल्यावर.

बीटी म्हणजे काय?

बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जमिनीत आढळणारा जिवाणू आहे. त्याचे जनुक कपाशीत घातल्यामुळे झाडातच अळीला मारक प्रथिन तयार होते. ते खाल्ल्यावर अळीच्या आतड्याला छिद्रे पडतात, तिचे खाणे थांबते व ती मरते. भारतात एक जनुक असलेल्या बीटी कपाशीस २००२ मध्ये आणि दोन जनुके असलेल्या कपाशीस २००६ मध्ये मान्यता मिळाली. बोंडअळ्यांवरील फवारण्या त्यामुळे बऱ्याच कमी झाल्या. मात्र मावा, तुडतुडे, फुलकिडे व पांढरी माशी यांवर बीटीचा परिणाम होत नाही.

अळी परत का आली?

एकजनुकी बीटीला दाद न देणारी शेंदरी बोंडअळी २०१० मध्ये गुजरातमध्ये नोंदली गेली. पुढे दुसरे जनुकही निष्प्रभ ठरले. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात मोठे नुकसान झाले. याची मुख्य कारणे अशी :

१) बीटीभोवती बिगर बीटी कपाशीच्या ओळी अनेकांनी लावल्या नाहीत. या ओळींवर वाढलेल्या साध्या पतंगांचा प्रतिकारक्षम पतंगांशी संकर झाला, तर पुढील पिढी बीटीवर बहुतांशी मरते. ओळीच नसल्याने केवळ प्रतिकारक्षम अळ्याच वाढत गेल्या.

२) पीक जुने होत जाते तसतसे झाडातील प्रथिन कमी होते. लांब कालावधीचे वाण व फरदड यांमुळे अळीला अधिक पिढ्या वाढवता आल्या.

३) ही अळी मुख्यतः कपाशीवरच जगते. फरदड, पऱ्हाट्या व साठवलेला कापूस यांत तिला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळाला.

काय करावे?

• मान्सूनपूर्व लागवड टाळावी. कमी कालावधीचे वाण निवडावेत.
• पीक ४५ दिवसांचे झाल्यावर हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत.
• दर आठवड्यास डोमकळ्या वेचून नष्ट कराव्यात व २० हिरवी बोंडे फोडून पाहावीत.
• सापळ्यात सलग ३ दिवस ८ पतंग किंवा १० टक्के प्रादुर्भाव आढळल्यासच शिफारशीतील कीटकनाशक फवारावे.
• डिसेंबरअखेर पीक काढून पऱ्हाट्यांची विल्हेवाट लावावी. फरदड घेऊ नये.

फवारताना हातमोजे, तोंडाला मास्क व अंगभर कपडे वापरावेत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व मजूर दगावले, हे विसरता येणार नाही.

अमेरिकेने बीटी कपाशी, वंध्य पतंग सोडणे व पिकाचे अवशेष नष्ट करणे यांची सांगड घालून २०१८ मध्ये आपल्या कपाशी क्षेत्रातून ही कीड हद्दपार झाल्याचे जाहीर केले. बियाण्यातील जनुक हा एकात्मिक कीड व्यवस्थापनाचा केवळ एक भाग आहे. एकट्याने काळजी घेऊन भागत नाही, कारण पतंगाला बांध कळत नाही. म्हणून फरदड न घेण्याचा निर्णय संपूर्ण गावाने एकत्र बसून घ्यावा.