घरातील माघार आणि मुलांची संगत

आक्रमक मुलांच्या वर्तनाचे मूळ शोधताना अमेरिकेतील ऑरेगन राज्यातले मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी आपले निरीक्षक थेट कुटुंबांच्या घरी धाडले. दूरचित्रवाणी बंद ठेवायची आणि सर्वांनी दोन खोल्यांतच वावरायचे, एवढ्या अटींवर हे निरीक्षक एका कोपऱ्यात बसून दर सहा सेकंदांना कोण काय बोलले व त्यावर कोणी काय केले याची नोंद करीत. आणि त्या नीरस नोंदींतून घरोघरच्या कलहाची जी रीत उघड झाली, ती पॅटरसन यांनी १९८२ साली ग्रंथरूपाने सविस्तर मांडली.

आई पसारा आवरण्याची ताकीद देते, मुलगा कुरकुरतो, तिचा स्वर चढतो, तो त्याहून मोठ्याने ओरडून हातातले दप्तर आपटतो. आणि दिवसभराच्या श्रमांनी थकलेली ती माउली अखेर ‘बरं, राहू दे’ म्हणून माघार घेते. घर तत्काळ शांत होते, आणि घात होतो तो इथेच, कारण मुलाची हुकमातून आणि आईची आरडाओरड्यातून एकाच क्षणी सुटका झाल्याने दोघांनाही आपापल्या वागण्याचे बक्षीस मिळते. उद्या बापाने हात उगारून त्याला गप्प केले, तरी अधिक जोर करील त्याची सरशी हाच धडा पक्का होतो. कोणाही आईबापास दुष्ट न ठरविता हे सांगितले गेले, याचे मला फार मोल वाटते.

हीच रीत मुलगा शाळेत नेतो. तेथे सोबती त्याला टाळू लागतात, आणि पौगंडावस्थेत अशा टाळलेल्यांचीच आपसांत गट्टी जमते. पॅटरसन यांचे सहकारी टॉमस डिशन यांनी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या मित्रांबरोबरच्या २५ मिनिटांच्या गप्पांचे चित्रीकरण केले. नियमभंगाच्या गोष्टींना ज्या जोड्यांत हशा मिळे, त्यांतल्या मुलांचे गैरवर्तन पुढे वाढलेले आढळले, असे त्यांचा १९९६ चा निबंध सांगतो.

मग मुलावर पाळत ठेवावी काय? स्वीडनमधील मार्गारेट कर आणि हॉकन स्टॅटिन यांच्या २००० सालच्या अभ्यासांत असे दिसले, की मुलगा कुठे व कोणाबरोबर असतो याची खबर पालकांना मिळते ती प्रामुख्याने त्याने आपणहून सांगितल्यामुळे. चौकशीचा वाटा त्यात अल्प असतो. तेव्हा ताकीद एकदाच आणि शांत स्वरात द्यावी, ती मोडल्यास ठरलेली छोटी शिक्षा न चुकता अमलात आणावी, आणि मुलगा मित्राची एखादी लाजिरवाणी गोष्ट सांगू लागला, तर त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नये.