महाळुंगे नेमकं कोणतं?

आकडे मांडताना : भाग ७

मागच्या आठवड्यात तक्ते आणि स्तंभालेख आटोपले, आता नकाशा. पॉवर बीआयमध्ये नकाशा काढायला काहीच लागत नाही. गावाच्या नावाचा रकाना उचलायचा, नकाशाच्या चौकटीत सोडायचा, की ठिपके उमटतात. मीटिंगमध्ये पडद्यावर तो झळकला की सगळे खूश. ठिपके जागच्या जागी आहेत का, हे विचारायचं मात्र राहून जातं.

चाकण पट्ट्यातल्या कुठल्याही कारखान्याची सप्लायर लिस्ट उघडा. पत्ता साधारण असा असतो : गट नंबर अमुक, महाळुंगे इंगळे, ता. खेड, जि. पुणे. गट नंबर सातबाऱ्यावरचा. तो तलाठ्याला कळतो, नकाशाच्या सर्व्हरला नाही. ‘इंगळे’ हा शब्द एन्ट्री करणाऱ्याने हमखास गाळलेला. उरतं नुसतं महाळुंगे, आणि पुणे जिल्ह्यात दुसरं महाळुंगे आहेच, बाणेर-बालेवाडीला लागून. तालुक्यावरून ओळखावं म्हटलं, तर एक खेड राजगुरुनगरचं, दुसरं रत्नागिरी जिल्ह्यातलं. पिंपरी नावाची गावं तर महाराष्ट्रभर विखुरलेली. भोसरीच्या पत्त्यात ‘टी ब्लॉक’, ‘जे ब्लॉक’ येतात. रिक्षावाला बरोबर नेऊन सोडेल, पण सॉफ्टवेअरला ते कळेलच याची खात्री नाही. आणि चुकलेला ठिपका काही लाल होत नाही. तोही बरोबर ठिपक्याइतक्याच ऐटीत बसतो.

मग पुष्कळ जण पिन कोडकडे वळतात. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर केंद्र सरकारातले अधिकारी होते आणि संस्कृत कवीही. (देशभरची पत्रं वाटेला लावणारे सहा आकडे एका कवीने जुळवले, याचं मला अजून कौतुक वाटतं.) पण ती सोय टपाल वाटण्यासाठी होती. चाकण, महाळुंगे इंगळे, निघोजे, कुरुळी या सगळ्यांचा पिन एकच, ४१०५०१. पुरवठादार वीस असोत की ऐंशी, सगळे एकाच बिंदूवर एकमेकांच्या डोक्यावर बसतात आणि पडद्यावर दिसतो एक ठिपका.

खरा उपाय कंटाळवाणा आहे : प्रत्येक पुरवठादाराच्या गेटचे अक्षांश-रेखांश मिळवून मास्टरमध्ये भरायचे. मटेरियल घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरच्या फोनवरूनही ते मिळतात. दशांश चिन्हानंतर दोनच आकडे ठेवलेत तर चूक किलोमीटरभराची होऊ शकते. चार ठेवा, म्हणजे ती दहा-बारा मीटरच्या आत येते. हे दोन्ही रकाने बेरीज-सरासरीच्या तावडीतून सोडवा, म्हणजे ‘डोन्ट समराइज’ करून ठेवा. नाहीतर सॉफ्टवेअर सगळ्या पुरवठादारांची सरासरी काढून कुठल्यातरी शेतात एक ठिपका लावून देतं. रकान्यांची अदलाबदलही होऊ देऊ नका. चाकण साधारण १८.७६ उत्तर, ७३.८६ पूर्व. उलटं भरलंत तर तुमचा फोर्जिंगवाला नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या समुद्रात सापडेल. एवढी मोठी चूक निदान दिसते तरी. महाळुंग्याची दिसत नाही.

रंग भरलेल्या जिल्ह्यांचा नकाशा मी शक्यतो टाळतो. गडचिरोली १४,४१२ चौरस किलोमीटर, मुंबई शहर जिल्हा १५७. लोकसंख्या मात्र २०११च्या जनगणनेत मुंबई शहराची गडचिरोलीच्या जवळपास तिप्पट. विक्रीचा रिपोर्ट असा रंगवला की डोळा मोठ्या जिल्ह्याकडे जातो आणि गिऱ्हाईक राहतं त्या नखाएवढ्या तुकड्यावर.

आता मांडणी. पॉवर बीआयचं पान मुळात १२८० बाय ७२० पिक्सेलचं, आणि नकाशा त्यातला निम्मा भाग सहज खातो. तेवढी जागा त्याला का द्यायची? सकाळच्या मीटिंगला प्रॉडक्शनवाल्याचा प्रश्न असतो, ‘सेकंड शिफ्टला कोणता पार्ट संपतोय?’ याचं उत्तर तक्त्यात आहे. ते डावीकडे वर, मोठ्या अक्षरात हवं. नकाशा लागतो तो ‘गाडी कुठे अडकली’ या प्रश्नाला, आणि तिथेही अंतर फसवतं. भोसरीचा पुरवठादार नकाशावर हाताच्या अंतरावर दिसतो, पण पुणे-नाशिक हायवेवर चाकणच्या तळेगाव चौकात गाडी अडकली की ते अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यात अर्थ उरत नाही. म्हणून ठिपक्याचा रंग अंतरावरून किंवा खरेदीच्या रकमेवरून ठरवू नका. ठरलेली वेळ आणि गेट एन्ट्रीची वेळ यांतला फरक मिनिटांत काढा आणि त्यावरून रंग द्या. शेजारी त्याच मिनिटांचा आडवा स्तंभालेख ठेवा. त्यातल्या एका पुरवठादारावर क्लिक केलं की नकाशावर त्याचाच ठिपका उठून दिसतो.

राहिली झूमची भानगड. यादीत साणंदचा एक आणि होसूरचा एक पुरवठादार असला, तर ऑटो झूम त्या दोघांना सामावून घ्यायला अर्धा भारत दाखवतं आणि भोसरी ते तळेगाव दाभाडे सगळा पट्टा एका ठिपक्यात गडप होतो. नकाशावर फिल्टर लावून फक्त पट्ट्यातले पुरवठादार ठेवा, ऑटो झूम बंद करा, आणि बाहेरच्यांना खाली छोट्या तक्त्यात बसवा. त्यांची गाडी उद्या पोचणार की परवा, एवढंच तिथे पुरतं.